आजींची खुर्ची आणि एक कप चहा

ती. वहिनीस,

चहा सांडायचे कोणी पैसे देतं का, असं तू मागच्या पत्रात विचारलंस आणि दादालाही हसवलंस. देतात, वहिनी! दर महिन्याला देतात, आणि चहाही त्यांचाच. (नमस्कार राहिला, तो इथे घे. तब्येत कशी आहे? डोकं दुखत असेल तर या खेपेला माझ्यामुळे नाही, मी इतका लांब आहे.)

कामाचं नीट सांगतो, म्हणजे दादाला समजावता येईल. आमचे मालक लोकांच्या घरी जाऊन सोफ्यांवर, पडद्यांवर डाग न पडायचं औषध फवारतात. ते वाळलं की मी चहाचा कप घेऊन पुढे व्हायचं आणि सगळ्या घरादेखत ओतायचा. बायका किंचाळतात, पुरुष उठून उभे राहतात, आणि चहा मण्यांसारखा घरंगळत खाली धरलेल्या फडक्यात! तेव्हा मालकांचा चेहरा बघावा. जादूगारच. नाहीतर तू! सोफ्यावर चादर, चादरीवर टॉवेल, टॉवेलवर वर्तमानपत्र, आणि त्यावर मी. तेही नुसतं पाणी प्यायला.

तर गेल्या आठवड्यात एका घरी आजी आपल्या खुर्चीतून उठेचनात. औषधाला घाण वास येतो म्हणाल्या. (येतो.) मालकांनी त्यांना वळसा घालून बाकी सगळं फवारलं. पुढे चहा ओतायची वेळ झाली, तर गंमत बघायला सगळ्यांत आधी उठल्या त्या आजीच! मला समोर रिकामी खुर्ची दिसली, मी ओतला. वहिनी, मणी नाहीत, काही नाही. दुधी रंगाच्या त्या खुर्चीने अख्खा कप एका घोटात पिऊन टाकला. मालकांनी माझ्याकडे असं बघितलं की नोकरी तर गेलीच, परतीच्या गाडीतली जागाही गेली असं वाटलं. सूनबाई ओलं फडकं घेऊन घासायला धावल्या आणि माझ्या तोंडून तुझाच आवाज निघाला, "घासू नका! घासलात की बसलाच म्हणून समजा!" अंगातला सुती शर्ट काढून डागावर दाबला, मग गार पाणी, पुन्हा दाबला, कडेकडून आत, अगदी तू करतेस तसं. (तू बोलायचीस तेव्हा मी ऐकत नव्हतो, असं मला आजवर वाटायचं.) डाग निघाला की गं! शर्टाचं विचारू नकोस. मालकांनी बनियनवरच्या मला सगळ्यांसमोर विचारलं, "हे कुठे शिकलास रे?" तुझ्यासारखी बाई जगात नाही, वहिनी. हे लेखी देतोय, दादाला मोठ्याने वाचून दाखव.

तुझा दीर

ता.क. मालकांना काय उत्तर दिलं ते राहिलंच. घरी शिकलो म्हणालो असतो तर भाव राहिला नसता. मोठ्या कापड कारखान्यात शिकलो, तिथल्या साहेबीणबाईंनी जातीने शिकवलं, असं सांगितलं आणि नंबर तुझा दिला. रविवारी सकाळी ते खात्री करायला फोन करतील. माझं कायम होणं त्यावर आहे. तेवढा वेळ साहेबीण हो. मध्येच दादावर ओरडायचं झालं तर फोनवर हात ठेव.

ता.क. दुसरा. खुर्ची वाळल्यावर डाग पुन्हा वर आला. तो काढून वर औषध मारावं म्हणून मी गुपचूप बाटली घेऊन गेलो, तर आजी हात लावू देईनात. डाग बघून आता खुर्चीत दुसरं कोणी बसत नाही म्हणतात. मालकांना यातलं काही ठाऊक नाही, म्हणून पगार पुरा मिळाला. त्यातले चार हजार पाठवतोय.