पिटुकलीचं कूळ

दि. १९ सप्टेंबर

चि. जावईबापू यांस,

अनेक आशीर्वाद. इकडे सर्व ठीक. मुलगी कुत्रीला घेऊन माहेरी आली त्याला पंधरवडा झाला, आणि आज तुमचं पत्र मिळालं. त्यात दोन विषय आहेत: आम्ही कुत्री ‘फसवून’ दिली हा एक, आणि बायकोला परत कधी पाठवता हा दुसरा. तुमच्याच क्रमाने घेतो. तुम्हाला कुत्री आधी सुचली.

पिटुकली पॅपिलॉन जातीची आहे असं आमच्या घरातलं कुणीही कधी म्हटलेलं नाही. मुलीला तिच्याशिवाय करमत नाही म्हणून ती लग्नानंतर तुमच्याकडे आली, एवढंच. कानांच्या झालरी बघून जात तुम्हीच ठरवलीत आणि ऑफिसातल्या साहेबांपुढे फुशारकीही तुम्हीच मारलीत. अहो, पॅपिलॉनचे दोन्ही कान उभे असतात, नाहीतर दोन्ही पडलेले. हिचा एक उभा, एक पडलेला. कुत्र्यांवरची पुस्तकं मी आणून वाचली आहेत, कॉलेजचं तोंड न बघता. पण एवढं दिसायला पुस्तकाचीही गरज नव्हती.

आता खरं कूळ लिहून घ्या. आजी शिवणक्लासवाल्या बाईंची पॉमेरेनियन. आजोबा दंतवैद्यांचा स्पॅनियल, झालरी त्याच्या. त्यांची मुलगी आमच्याकडे वाढली, तीच पिटुकलीची आई. बाप बेकरीवाल्याचा डॅशहंड. आखूड पाय आणि लांबलचक पाठ ही त्याची कृपा. बेकरीवाला अजून म्हणतो, "काका, आमचा तसला नाही हो!" तसलाच होता. आमच्या कुंपणाखाली अडकला तेव्हा मागच्या तंगड्या धरून मीच ओढून काढलाय त्याला.

हिला रिबीन बांधून तुम्ही कुत्र्यांच्या प्रदर्शनात नेलंत! परीक्षकाने विचारलं, "साहेब, पुढचा अर्धा भाग कुठून आणलात आणि मागचा कुठून?" सगळा हॉल हसला, असं तुम्हीच लिहिलंय. मी असतो तर मीही हसलो असतो. कुत्री बिचारी रिबीन चावत बसली असेल.

घरी येऊन बायकोला काय बोललात, ते मात्र पत्रात नाही. मुलीनेही इतके दिवस सांगितलं नव्हतं. काल भाजी निवडताना आईला म्हणाली, "बाबांना कळू देऊ नकोस. हे म्हणाले, कुत्री तुझ्यासारखीच निघाली. आई कोण, बाप कोण, पत्ता नाही."

मी पलीकडच्या खोलीत होतो. भिंत पातळ आहे.

आम्ही तिला अनाथाश्रमातून आणलं, हे लग्न ठरायच्या आधी तुमच्या बैठकीच्या खोलीत मीच सांगितलं होतं. "असल्या गोष्टी आम्ही मानत नाही," असं पायावर पाय टाकून म्हणाला होतात. कुत्रीच्या तीन पिढ्या तुम्हाला सांगितल्या. मुलीची मला एकच माहीत आहे, मी आणि तिची आई. आजवर तेवढ्यावर आमचं काही अडलं नाही.

आता दुसरा विषय. मी तिला विचारलं, "पाठवू का?"

"मी काय पार्सल आहे, बाबा?" म्हणाली. मग म्हणाली, "माझी शिलाई मशीन तेवढी आणा."

रविवारी टेम्पो घेऊन येतो आहे. मशीन आणि तिचं पुस्तकांचं कपाट दाराशी काढून ठेवा. चहा ठेवू नका.

तिचा बाप