चुकीचे पासवर्ड

प्रिय रसिकाताई,

दर रविवारी तुझा फोन येतो तेव्हा मी ‘सगळं बरं आहे’ म्हणतो आणि ते खरंच असतं. पण एक गोष्ट बारा वर्षं सांगायची राहिली आहे. फोनवर सांगायला गेलो तर मी मधेच विषय बदलेन, म्हणून लिहितो आहे. कच्चं एकदा लिहून झालं, हे पक्कं आहे. वाचून झाल्यावर तुझा रविवारचा फोन बंद झाला तरी मी समजू शकेन. तुझ्या मैत्रिणीबद्दल, तन्वीबद्दल आहे. तू तिच्याशी बोलत नाहीस, त्याबद्दल.

आधी हे कुठून निघालं ते सांगतो. गेल्या महिन्यात सावित्रीकाकीच्या होमस्टेवर पुण्याची एक पाहुणी उतरली होती, संचिता नावाची. तिला जुने व्हिडिओ गेम जमवायचा नाद आहे, ती त्यांच्यावर लिहितेसुद्धा. काकीच्या घरचा पंखा दुरुस्त करायला गेलो होतो, तेव्हा काकी तिला म्हणाली, ‘ह्याच्या बापाशीचा, भाईंचा दुकान होता गो त्या गेमांचा, स्टँडाच्या फुड्यात.’ मग काय, ती दुसऱ्या दिवशी घरी हजर. भाईंनी माळ्यावरून खोका काढून दिला. बारा वर्षांनी कॅसेटी उघडल्या. सहा चालल्या, चार नाही चालल्या. खोबरेल तेलाचा हात लागलेली एक चालली, त्याचं मला आश्चर्य वाटलं.

तिने विचारलं की, सगळ्यांना माहीत आहेत ते गेम सोड, ज्यांच्याकडे कोणी बघत नाही असे तुझे आवडते कुठले ते लिहून दे, कारणासकट. मी चार दिवस घेतले. ‘सिटी कनेक्शन’ लिहिला, तुझा. गाडीने रस्ता पांढरा करत जायचं, आणि रस्त्यात मांजर आली की मेलो. त्यात एका शहरामागे ताजमहाल दिसायचा आणि तू म्हणायचीस, ‘बघ, कोणी तरी आमका इचारल्यान.’ ‘बायनरी लँड’ लिहिला. एकच बटण दाबलं की एक पेंग्विन डावीकडे जातो, दुसरा उजवीकडे, आणि दोघांनी एकाच वेळी पोचायचं. दुकानात तो कोणी मागत नसे, कारण त्यात बंदूक नाही. संचिताला तो माहीत होता. ती म्हणाली की हा गेम आवडणारा माणूस तिला तीन वर्षांत पहिल्यांदा भेटला. मला बरं वाटलं.

पहिल्या नंबरावर मी ‘निळो गोळो’ लिहिला. त्याचं खरं नाव आपल्याला कधीच कळलं नाही, कॅसेटचा कागद फाटलेला होता. ठोकळे ढकलायचे, बदाम गोळा करायचे, पेटी उघडायची. घाई केली की अडकलाच. माझ्यासारख्या माणसासाठीच बनवला होता. नववीत शाळा सुटली तेव्हा मला कुठल्याच गोष्टीचं उत्तर बरोबर येत नाही असं वाटायचं, पण त्या गेममध्ये यायचं. प्रत्येक खोली पार झाली की स्क्रीनवर चार इंग्रजी अक्षरं यायची. ती लिहून ठेवली की दुसऱ्या दिवशी तिथूनच पुढे. भाईंचं घड्याळ तर तुला आठवतच असेल. एसटीत बावीस वर्षं कंडक्टरकी केलेला माणूस. अर्धा तास झाला की खुर्चीमागे उभे राहून म्हणायचे, ‘चला, स्टॉप इलो, उतरा!’ पोरं रडकुंडीला यायची. म्हणून मी पासवर्डांची वही केली. टेबलाला सुतळीने बांधलेली, लांबोडी, तारीख, नाव, खोली, पासवर्ड, असे रकाने आखलेले. त्या वहीतला पासवर्ड टाकला आणि चालला नाही असं कधी झालं नव्हतं. शिरोड्यातली पोरं शाळेच्या पुस्तकापेक्षा त्या वहीवर जास्त विश्वास ठेवायची, असं भाई म्हणायचे.

आता तुला कळलं असेल मी कुठे चाललो आहे. तरी क्रमाने लिहितो.

त्या वर्षी फेब्रुवारीपासून वहीत ‘राजू’ नावाने नोंदी येऊ लागल्या. पासवर्डाच्या रकान्यात चार आकडे. ०९१५, १६०५, असे. त्या गेमच्या पासवर्डात आकडे येतच नाहीत, ते टाकायला स्क्रीनवर जागाच नाही. मला वाटलं कोणी तरी मस्करी करतो आहे. दुपारी तू गल्ल्यावर असायचीस, तुला मी विचारलंसुद्धा, हा राजू कोण? तू म्हणालीस, ‘असतलो कोण तरी, तू कित्याक डोक्याक ताप करून घेतंस?’ अजयभावोजी तेव्हा रोज येऊन एकच गेम खेळायचे आणि पहिल्याच खोलीत मरायचे. इतका वाईट खेळणारा माणूस रोज का येतो, असा प्रश्न मला पडला नाही. मला फक्त माझ्या वहीची काळजी होती.

एप्रिलच्या अकरा तारखेला मी सगळ्या खोट्या नोंदी शोधून काढल्या. अकरा निघाल्या. मागच्या पानावर ‘चुकीचे पासवर्ड’ असं शीर्षक देऊन त्या तारखांसकट एकाखाली एक लिहिल्या, पट्टीने रेघ मारली आणि जेवण झाल्यावर भाईंना दाखवल्या. म्हटलं, बघा, कोणी तरी वही बिघडवतो आहे. ताई, सुट्या सुट्या असताना भाईंनी त्या शंभर वेळा पाहिल्या असतील. माझ्या त्या पानावर त्या एका ओळीत आल्या. भाईंनी बोट फिरवलं आणि म्हणाले, ‘रे, ह्यो गाड्यो आसत.’ कुठली गाडी किती वाजता सुटते हे त्यांना झोपेतही येत होतं. शेवटच्या नोंदीपुढे दुसऱ्या दिवसाची तारीख होती, १३४०. मालवणची गाडी. तरीही माझ्या डोक्यात काहीच शिरलं नाही. मी विचारलं, गाडीच्या वेळा गेमच्या वहीत कशाला? ते म्हणाले, ‘तू गप रव,’ आणि हात धुवायला गेले.

पुढचं तुला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. दुसऱ्या दिवशी दुपारी भाईंनी तुला भरल्या गाडीतून खाली उतरवलं ते मी दुकानाच्या दारातून पाहिलं. अजयभावोजी मागून उतरले आणि उभेच राहिले. तेव्हा मला सगळं एकदम कळलं, राजू म्हणजे भावोजी, आणि आकडे म्हणजे तुम्ही कुठली गाडी धरायची ते. त्याच संध्याकाळी तू शेजारी तन्वीच्या खळ्यात जाऊन ओरडलीस, ‘एक गजाल पोटात रवली नाय तुझ्या!’ कारण तुमच्या दोघांबद्दल फक्त तिलाच माहीत होतं. ती ‘मी नाय गो, मी सांगूक नाय’ म्हणत राहिली. मी कुंपणाच्या या बाजूला होतो. मला दोन शब्द बोलायचे होते. मी बोललो नाही. उद्या बोलू म्हटलं. मग तुझं बाहेर जाणं बंद झालं, मग जूनमध्ये तू निघून गेलीस, कोर्टात लग्न केलंस. भाई दोन वर्षांनी निवळले, छोट्याला बघायला म्हापशाला आले, आता तर भावोजींशिवाय त्यांचं पान हलत नाही. सगळं जागेवर आलं, तन्वी सोडून. वाडीत अजून कोणी काही खाजगी बोलत असलं आणि ती आली की म्हणतात, ‘रव, रव, तन्वी इली.’ मस्करीतच म्हणतात. ती हसते.

संचिताने वहीचे फोटो काढले. मागचं पान काढून म्हणाली, हे आकडे कुठल्या गेमचे? मी म्हटलं चुकीचे आहेत. ती म्हणाली, चुकीचे असून इतक्या सुंदर अक्षरात लिहिलेत? ते पान मी तिला छापू दिलं नाही. पण ती गेल्यावर मला चैन पडेना. आठ दिवस मी कुठलंच काम नीट केलं नाही, कुडाळच्या माणसाचा टीव्ही उलट वायरिंग करून परत दिला.

म्हणून बुधवारी तन्वीकडे गेलो. ती बाजारात शिवणकाम करते हे तुला माहीत असेल. आधी तिला सांगितलं, कारण जास्त नुकसान तिचं झालं होतं. वही सोबत नेली होती, पान दाखवलं. ती मशीन चालवतच राहिली, शिवण संपेपर्यंत. मग दोरा तोडून म्हणाली, ‘मेल्या, दर दिवाळीक माझ्याकडे पॅन्ट आखूड करूक घेऊन येतंस. बारा पॅन्टी झाल्यो. एकदाय तोंड उघडला नाय तुझा?’ मी म्हटलं, नाही. ती म्हणाली, ‘माका वाटलेला, रसिकानच झोपेत बडबडल्यान आसतला.’ आणि हसायला लागली, आणि हसता हसता तिने ओढणीने डोळे पुसले.  मग तिने तुझी मुलं कितवीला आहेत ते विचारलं. मी सांगितलं. धाकटीचं नाव तिला माहीत नव्हतं.

निघताना ती म्हणाली, ‘तिचो नंबर दी.’ मी दिला नाही. तुला न विचारता तुझी गोष्ट दुसऱ्याला द्यायची चूक मी एकदा केली आहे. तिला म्हटलं, आधी ताईला लिहितो. तर ती म्हणाली, ‘लिव. पण बेगीन लिव.’ म्हणून हे पत्र. नंबर देऊ का, एवढंच विचारायचं होतं. माझ्याशी बोलावंसं वाटत नसेल तर मला कळवू नकोस, सरळ तिलाच फोन कर. तिचा नंबर मी पत्राच्या मागे लिहिला आहे. दोनदा तपासला आहे, आणि टाकायच्या आधी त्यावर फोन लावूनही पाहिला. तिनेच उचलला. म्हणाली, ‘रसिका?’ मी म्हटलं, नाही, अजून नाही.

तुझाच,
सिद्धेश