चंपाच्या तोंडातला लगाम

शनिवार, २२ नोव्हेंबर. संध्याकाळ.

लिहायचं नव्हतं, पण दुसरं काही सुचत नाही.

दीड वर्ष मी चंपाला शिकवलं. घोडी आबांची, शिकवणं माझं. साधा, गुळगुळीत लगाम, तोही नुसता बोटांत धरलेला. मी श्वास सोडला की ती थांबायची. टाच टेकवली की जागच्या जागी, तालात पाय उचलायची आणि लगाम चघळत राहायची. ओठांवर पांढरा फेस. घोडी निवांत असल्याची ही खूण.

गेल्या रविवारी मीच आबांना बोलावून हे दाखवलं. हलक्या हाताने काय साधतं ते त्यांना कळेल, असं वाटलं होतं. का वाटलं? ते टाळी देऊन म्हणाले, "आयला, ही तर नाचती की!"

आज पाहते तर चंपाच्या तोंडात काटेरी लगाम. मलकापूरच्या वरातीत तिला नाचवायचं ठरलंय.

म्हटलं, "आबा, जीभ फाटेल. तिला याची गरज नाही."

"पोरी, बँजोपुढं तुझा श्वास तिला ऐकू येणार हाय व्हय? बुजली म्हंजे?" मग जरा हळू, "घोडी माझी हाय न्हवं?"

आहेच.

टेम्पोत चढताना ती अडली. आबा लगाम ओढत राहिले, ती मागे सरत राहिली. शेवटी त्यांनी मलाच हाक मारली. ते ओढणं थांबावं म्हणून मी गेले. मानेवर हात ठेवला, श्वास सोडला, टाचेच्या जागी बोट टेकवलं. ती मुकाट चढली.

ओठांवर फेस होता. गुलाबी.