वरच्या खोलीतले ठोके

४ जानेवारी

ती. दादास, ठकूचा साष्टांग नमस्कार वि. वि.

सुखरूप पोचले. मास्तरांचं घर केवढं मोठं, आणि राहणारा माणूस एक! गणित शिकवून निवृत्त झालेत. बोलायला गोड आहेत, पण त्यांच्याकडून एक शब्द काढायचा म्हणजे दाढ उपटण्यासारखं. अकरा खिडक्यांचे पडदे शिवायचेत, तेही दुहेरी अस्तराचे, रस्त्यावरून आतलं काही दिसता कामा नये असे. तीन आठवडे सहज जातील. दिवाणखान्यात मशीन मांडून दिली आहे.

आता तुझ्या भयकथांच्या कामाचं. या घरात भिंतीवर एकही आरसा नाही. सगळे जिन्याखाली, भिंतीकडे तोंड करून ठेवलेत. मी वेणी अंदाजाने घालते. दिवाणखान्यात एका तरुण बाईचा मोठा फोटो आहे, तोंड उघडं, गळ्याच्या शिरा ताणलेल्या, जणू किंचाळतेय. आणि वरच्या एका खोलीला कायम कुलूप. मास्तर म्हणाले, अडगळ आहे, वर जायचं कारण नाही. मीही नाही जाणार असा शब्द दिला. पण दुपारी तीन ते पाच ते बाहेर जातात, आणि मी मशीनवर बसले की वरून ठोके सुरू होतात. टक, टक, टक. मी थांबले की जरा वेळाने तेही थांबतात. पहिल्या दिवशी माझी पाचावर धारण बसली. आता भीतीपेक्षा मनाला टोचणी जास्त आहे. वर खरंच कुणी माणूस असेल तर? किल्ली जिन्यापाशी खिळ्यालाच असते. जाऊन बघू का?

तुझ्या प्रत्येक गोष्टीत कुणीतरी दार ठोठावतं आणि कुणीच उठून उघडत नाही. असं का रे लिहितोस? आई गेल्यापासून मला तूच एक उरलायस. वेळेवर जेव, आणि या ठकूवरची माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी,
ठकू

८ जानेवारी

चि. ठकूस अनेक आशीर्वाद.

अगं, तू पडदे शिवायला गेलीस की माझ्यासाठी खजिना उकरायला? साप्ताहिकातल्या मालिकेचे शेवटचे दोन भाग बाकी, संपादक डोक्यावर मिऱ्या वाटतोय, आणि मला एक ओळ सुचत नव्हती. आणि तुझ्याकडे पालथे आरसे, किंचाळणारी तसबीर, कुलूपबंद खोली! आमच्या धंद्यातलं सगळं सामान एका छपराखाली. वादळ आणि विझणारी मेणबत्ती तेवढी मी पदरची घालतो.

पण वर जायचं नाही. दार शेवटच्या पानाआधी उघडायचं नाही, हा भयकथेचा पहिला नियम. उघडलं की आत निघतात उंदीर, नाहीतर मोडकी खुर्ची, आणि सगळी मजा संपते. तू ऐक आणि कळव. मशीनवर बसलीस की आईची अंगाई गात असशीलच. बिचारं भूत तुझ्या सुराविरुद्ध तक्रार करत असेल.

रागावलीस तरी चालेल, पण पत्र धाड.

तुझा,
दादा

१३ जानेवारी

ती. दादास सा. न.

माझ्या गाण्याची थट्टा पुरे. तरी तुझं एक खरं निघालं. मी संथ गायले की ठोके संथ पडतात, जलद गायले की जलद. आणखी एक. मास्तर एकटे राहतात, पण मोरीपाशी विसळायला टाकलेले पेले रोज दोन असतात, एकाला दुधाची साय. दादा, भूत दूध पितं का रे?

काल किल्ली खिळ्यावरून काढली होती. चार पायऱ्या चढलेसुद्धा. मग तुझा नियम आठवला, आणि मास्तरांना दिलेला शब्दही. परत फिरले. पण मला हे बरं वाटत नाही. एकदा हो म्हण ना, म्हणजे माझा जीव भांड्यात पडेल.

तुझ्या उत्तराकडे डोळे लावून बसलेली,
ठकू

१७ जानेवारी

चि. ठकूस आशीर्वाद.

दूध पिणारं भूत वाचकांना पचायचं नाही, म्हणून मी दुधाचं रक्त केलं. खोलीत साखळदंडाने बांधलेली वेडी बाई ठेवली आहे. मागचा भाग लोकांना फार आवडला, आता शेवट रंगला पाहिजे. म्हणून एकच काम कर. एक दुपार गाणं बंद, मशीन बंद. पायरीवर गप्प बस आणि ठोके मोज. किती, कसे, सगळं लिहून धाड.

दार मात्र उघडू नकोस. तुला आईची शपथ आहे.

घाईत, पण तुझाच,
दादा

२४ जानेवारी

दादा,

वरच्या खोलीत मास्तरांची बायको होती. काल सकाळी ती गेली.

तीन वर्षांपूर्वी तिला अर्धांगवायूचा झटका आला. वाचा गेली, अर्धा चेहरा लोंबला. ती गाणं शिकवायची. फोटोत ती किंचाळत नाही रे, गातेय. असलं तोंड कुणाला दाखवायचं नाही, असं तिने मास्तरांकडून वचन घेतलं होतं. म्हणून आरसे खाली आले, म्हणून हे जाड पडदे. तिचं न्हाणंमाखणं, खाणंपिणं सगळं मास्तर एकट्याने करत होते. दुपारी तिची औषधं आणि हाताला चोळायचं तेल आणायला लांब वैद्याकडे जात.

मास्तर म्हणाले, तू आलीस आणि तीन वर्षांत पहिल्यांदा तिने हातात चमचा धरला. पलंगाच्या दांड्यावर ठेका द्यायची. त्यांना खुणेने सांगायची, पोरगी बेसूर आहे पण लयीला पक्की आहे. हे सांगताना मास्तर हसले आणि मग त्यांना रडू आवरेना. गेल्या सोमवारी तिने खूण केली की पोरीला वर घेऊन या. तीन वर्षांत कुणाला भेटायला ती पहिल्यांदा तयार झाली होती. पण तिला ताप होता, तो उतरायची वाट बघावी म्हणून मास्तर मला गुरुवारी सांगणार होते.

आणि मंगळवारी मी पायरीवर गप्प बसून मोजत होते. दोनशे अकरा. आधी सावकाश, मग घाईघाईने, मग एकेक. मला गा म्हणत होती ती, आणि मी कागदावर रेघा ओढत होते, पाच-पाचचे गठ्ठे करून. मास्तरांनी विचारलं, मंगळवारी ती फार वेळ वाजवत होती का. मी हो म्हटलं. गाणं का थांबवलंस, हे त्यांनी विचारलं नाही. विचारलं असतं तर बरं झालं असतं.

रेघांचा कागद सोबत आहे. तुझ्या कामाचा आहे, मला जवळ ठेववत नाही. असल्या गोष्टीत आईची शपथ का घातलीस रे? तिच्या शेवटच्या दिवसाचंही तू मला कधी धड सांगितलं नाहीस.

लोभाचं काही लिहायला आज हात उचलत नाही.

ठकू

२८ जानेवारी

चि. ठकूस आशीर्वाद.

पत्र मिळताच छापखान्यात धावलो. उशीर झाला होता, अंक गाड्यांवर चढला होता. साखळदंडातली बाई आता घरोघरी गेली. मास्तरांच्या नजरेला तो अंक पडणार नाही, एवढं बघ.

आई झोपेत गेली, असं मी तुला कळवलं होतं. ते खोटं आहे. तिचं अंथरूण आणि माझं टेबल, मध्ये एक भिंत. पाणी हवं असलं, कूस बदलायची असली, की ती बांगडीने भिंतीवर वाजवायची. त्या दुपारी माझं शेवटचं पान चाललं होतं. म्हटलं, एवढं संपवतो आणि उठतो. वाजणं थांबलं तेव्हा मला बरं वाटलं, डोळा लागला असेल म्हणून. पान पुरं केलं, सही केली, आणि मग दार उघडलं.

दार न उघडण्याचा नियम भयकथेचा नाही, ठकू. तो माझा आहे. तुला शपथ घातली ती आईची नाही, माझ्या भीतीची होती.

राहिलेले पडदे पुरे कर, आणि मशीनवर बसशील तेव्हा गा. मास्तर ऐकत असतील. तू मोजलेस ते मी सांगितलं म्हणून, त्याचा बोल तुझ्यावर येत नाही. मला कुणीच सांगितलं नव्हतं, तरी त्या दुपारी मी लिहिता लिहिता मोजत होतो. सत्तेचाळीस.

लोभ मागायला तोंड नाही. माझं पुढचं पत्र येईल तेही उघड, एवढंच मागणं.

तुझा,
दादा