फोटोंच्या पाठीवरचा शिक्का

मी, खाली डाव्या हाताचा अंगठा उमटवणारी, वय अंदाजे एकोणऐंशी, पूर्वीचा व्यवसाय फोटो धुणे, हल्लीचा घरच्यांना धुणे, या लेखाने जाहीर करते की माझं डोकं ठिकाणावर आहे आणि माझ्यावर कोणाचाही दबाव नाही. मला अक्षर येत नाही. मी सांगते, नात लिहिते. उद्या सकाळी माझ्या हृदयाचं ऑपरेशन आहे आणि शुक्रवारी माझ्या फोटोंचं प्रदर्शन. दोन्हीकडे जायचा विचार आहे. पण डॉक्टर फक्त पहिल्याची खात्री देतात, म्हणून हे मृत्युपत्र.

कलम १. राहत्या दोन खोल्या आणि बँकेत असेल ते सगळं माझ्या एकुलत्या एक मुलीला, म्हणजे या लिहिणारीच्या आईला. खिडकीची कडी बसवून घ्यावी. वीस वर्षं तोंडी सांगितलं, आता कायद्याने सांगते.

कलम २. तीन ट्रे, लाल दिवा आणि फोटो सुकवायचे लाकडी चिमटे नातीला. चिमटे मोजू नयेत. निम्मे तळघरातल्या पोरांनी कानाला लावून नेले. म्हणून तर मला चिमटामावशी म्हणायचे.

ही पोरं कोण, ते लिहिल्याशिवाय पुढचं कळणार नाही. थांब, जरा उठते. बसून बसून पाय वळवळतात. हं, लिही.

मी एका फोटो स्टुडिओत कामाला होते. खाली तळघरात चपलांच्या दुकानाचं गोदाम. रविवारी दुपारी दुकान बंद, तेव्हा पाच जणांची टोळी तिथे गाणं बडवायची. त्याला पंक म्हणतात हे पुढे कळलं. तेव्हा ती पोरंसुद्धा गोंगाटच म्हणायची. ढोल सुरू झाला की माझ्या ट्रेमधलं पाणी थरथरायचं. एका रविवारी भांडायला म्हणून खाली गेले आणि तिथेच राहिले. या शहरात तसलं गाणं आधी कोणी वाजवलं नव्हतं, असं आता प्रदर्शनवाल्या बाई सांगतात. मला एवढंच दिसलं की घरी ज्यांना कोणी बोलू देत नव्हतं ती पोरं तिथे ओरडत होती.

कॅमेरा स्टुडिओचा. आठवडाभर पासपोर्टचे फोटो काढून कधीमधी रोलमध्ये चार-पाच जागा उरायच्या. मालक म्हणायचे, "रोल संपवून टाक गं, सोमवारी धुवायचाय." मी तळघरात जाऊन संपवायचे. चार वर्षं. दोनशे अकरा फोटो.

कलम ३. हे दोनशे अकरा फोटो आणि त्यांच्या निगेटिव्ह पट्ट्या नातीला.

इथे वाद आहे, तोही लिहून ठेवते. मालक गेले. त्यांचा मुलगा म्हणतो, फोटो त्याच्या वडिलांचे. भिंतीवर त्यांचंच नाव हवं, नाहीतर तो प्रदर्शन बंद पाडेल. प्रत्येक फोटोच्या पाठीवर त्यांचा शिक्का आहे, आणि तो मीच मारला आहे. गिऱ्हाइकाला फोटो देण्याआधी मागे शिक्का मारायचा, असं पहिल्याच दिवशी शिकवलं होतं. मला वाटलं, नीट धुतला, नीट सुकला, याची ती खूण. म्हणून माझ्या फोटोंवर जास्तच मन लावून मारला, तिरका झाला तर हळहळले. गेल्या महिन्यात प्रदर्शनवाल्या बाईंनी एक फोटो उलटा केला आणि वाचलं: "छायाचित्रकार", पुढे मालकांचं नाव.

नात म्हणाली, "आजी, इतक्या वर्षांत कुणाला विचारलं नाहीस?"

"अगं, पाठ बघायला कोण जातं? मी तोंडं बघत होते."

मालकाचा मुलगा परवा इथे येऊन बसला. "मावशी, शिक्का खोटं बोलत नाही."

"अरे, त्याला बोलायला मीच लावलं! कॅमेरा तुमचा, रोल तुमचा, कबूल. पण तळघराच्या जिन्यावर घासलेले गुडघे कुणाचे?"

चहा न घेता गेला. त्याच्या कपातला मी प्यायले.

एका फोटोत टोळीतली मुलगी फाटका शर्ट बुटाच्या नाडीने शिवते आहे आणि कॅमेऱ्याकडे जीभ काढून बघते आहे. मालक समोर असते तर ती चटकन उभी राहिली असती. पण जीभ कोर्टात चालत नाही म्हणे. तर खाचा बघा. माझं पहिलं चित्र सुरू होतं तिथे, पट्टीच्या कडेला, मी कात्रीने खाच पाडायचे. शांत रविवारची वेगळी, मारामारीच्या रविवारची वेगळी, वीज गेली त्या दिवशीची वेगळी. बोट फिरवलं की मला दिवस कळतो. खाचांचा अर्थ इथे लिहायचा नाही. तो नातीच्या बोटांना शिकवून झाला आहे.

कलम ४. पट्ट्या कापून पासपोर्टची तोंडं मालकाच्या मुलाला द्यावीत. खोड ते. कापायचं नाही. एकाच पट्टीवर एक पोरगा आधी तेल लावून भांग पाडलेला आहे आणि दोन चित्रांनंतर केस खिळ्यांसारखे उभे करून किंचाळतो आहे. ते तोडलं तर राहिलं काय?

कलम ५. मालकाच्या मुलाला शुक्रवारी मानाने बोलवावं. चार माणसांदेखत खाच असलेली कोणतीही पट्टी त्याच्या हाती द्यावी. डोळे मिटून, बोट फिरवून, तो रविवार कसा होता ते त्याने सांगावं. सांगितलं, तर सगळं त्याचं, कलम ३ रद्द. नाही सांगता आलं, तर तीच पट्टी नातीच्या हाती द्यावी, आणि भिंतीवर "चिमटामावशी" लिहावं. शिक्का मात्र कोणी झाकू नये. ती चूक माझी आहे, तीही टांगा.

कलम ६. टोळीतला गायक आता मुख्याध्यापक आहे आणि पोरांना गप्प बसा म्हणतो. त्याने नेलेली माझी शिडी त्याला माफ. गप्प बसा म्हणणं माफ नाही.

हा लेख मला दोनदा वाचून दाखवला: एकदा नातीने, आणि तिला बाहेर पाठवून एकदा पहिल्या साक्षीदाराने. दोघांचा शब्दाला शब्द जुळला. आता या कागदावर काय लिहिलं आहे ते मला माहीत आहे. मगच अंगठा उमटवला.

डाव्या हाताचा अंगठा: (उमटवला)

साक्षीदार १: त्या टोळीतला ढोलवाला, सध्या दातांचा डॉक्टर (सही)
साक्षीदार २: फोटोंना चौकटी बसवणारा सुतार (सही)
लिहिणार: नात (सही)

स्थळ: राहतं घर, स्वयंपाकघरातलं टेबल
दिनांक: ऑपरेशनच्या आदला दिवस, मंगळवार, दुपारी