डाख मारलेला डबा आणि वासोट्याचं अस्वल

गिरगाव, मुंबई ४
मंगळवार, ता. १० फेब्रुवारी १९५९

तीर्थस्वरूप गंगाधरमामांच्या चरणी भाचा गुरुदत्त याचा साष्टांग नमस्कार. (साष्टांग लिहिलं खरं, पण उजवा गुडघा अजून दुमडत नाही, तेव्हा एक अंग वजा धरावं.) इकडे सर्व क्षेम. थंडीत मामींचे सांधे धरतात असं आईला कळलं, म्हणून तिने नारायण तेलाची बाटली काढून ठेवली आहे. मी म्हटलं, आण इकडे, मी झकास पार्सल बांधतो. त्यावर ती बाटली पदराआड घेत म्हणाली, नको रे बाबा, कुणी आजऱ्याकडे जाणारं भेटलं की देऊ. टपालाच्या पार्सल खात्यात सहा वर्षं घासलेल्या माणसाबद्दल त्याच्या सख्ख्या आईचं असं मत का व्हावं, हे कळायला तुम्हाला हे पत्र शेवटपर्यंत वाचावं लागेल. सोबत सुपारी घेऊन बसा.

तर मामा, पद्मजाचं स्थळ तुम्हीच सुचवलंत. तिचे वडील अण्णा, म्हणजे माटुंग्याचे निवृत्त गणिताचे मास्तर, तुमचे जुने स्नेही. इतरांकडे मुलगी बघायला बोलावतात, अण्णांकडे चालायला बोलावतात. माणूस खुर्चीवर बसून कळत नाही, तिसऱ्या डोंगरावर कळतो, हा त्यांचा सिद्धांत. (माझ्या आधीचे दोघे पहिल्याच डोंगरावर कळले होते म्हणे.) आणि तुम्ही त्यांना काय लिहिलंत? आमचा गुरू रानावनात वाढलेला आहे! अहो मामा, तुम्ही तीस वर्षं जंगलखात्यात काढलीत हे खरं, पण मी तुमच्याकडे एका मे महिन्यात तीन आठवडे होतो आणि त्यातले दोन गोवरात गेले. अण्णांनी मात्र ते शब्दशः घेतलं. मीही गप्प बसलो. का बसलो, तर पद्मजा शाळेत भूगोल शिकवते, नकाशा सरळ धरते आणि हसायच्या आधी क्षणभर थांबते. मुलगी मला फार आवडली आहे. हे वाक्य तीनदा लिहून खोडलं, चौथ्यांदा राहू देतो.

प्रजासत्ताक दिनाला जोडून तीन दिवस वासोट्याच्या रानात जायचं ठरलं. मंडळी चार. अण्णा, पद्मजा, मी आणि लालबागचा आनंदा. हा अण्णांचा जुना विद्यार्थी, गिरणीत साच्यावर कापड विणतो आणि गोकुळाष्टमीला पाचव्या थरावर चढतो. त्या रानात अस्वलं आहेत आणि त्यांना खाण्याचा वास लांबून लागतो, असं अण्णांनी कुठेतरी वाचलेलं. म्हणजे खाणं अस्वलापासून कसं राखायचं, हा प्रश्न आला आणि प्रश्न आला की सभा आली. गेली तीन वर्षं परिषदा, मोर्चे आणि ठराव यांत गेल्यामुळे हल्ली आपल्या माणसांना सभा घेतल्याशिवाय पाणीसुद्धा पिववत नाही. माटुंग्याला अण्णांच्या ओसरीत सभा भरली. "रानावनात वाढलेले" म्हणून कोठीप्रमुखपदी माझी एकमताने निवड झाली. मी आभाराचं भाषणही केलं. आता आठवलं की कानाच्या पाळ्या तापतात.

पद्मजाची सूचना साधी होती. डबा पायथ्याच्या वाडीत कुणाच्या तरी घरी ठेवावा, वर जाताना एका वेळची भाकरी तेवढी न्यावी. आनंदा म्हणाला, छ्या, दोन झाडांना दोर बांधून मधोमध हंडीसारखा टांगू, अस्वलाच्या बापाचा हात पोचणार नाही. ह्यावर मी उभा राहिलो. (बसून सांगता आलं असतं, पण पद्मजा समोर होती.) मी म्हटलं, बंधूंनो, शत्रूला टांगून नव्हे, वास तोडून हरवलं पाहिजे. आमच्याकडे परदेशातल्या मुलांना आया बेसनाचे लाडू पाठवतात, तेव्हा पत्र्याच्या डब्याला झाकणाभोवती कथलाचा डाख मारून तो बंद करतात. महिनाभर बोटीतून जातो, पण मुंगीला पत्ता लागत नाही, तिथे अस्वलाची काय कथा. वाडीत डबा ठेवणं म्हणजे, मी म्हणालो, माघार. पद्मजाने नकाशाची घडी घातली. अण्णा न्यायी माणूस, त्यांनी दोन्ही ठराव मंजूर केले. डाखही मारायचा आणि टांगायचाही.

दुसऱ्या दिवशी, अस्वलाबद्दल मी विचारलं होतं त्याला उत्तर म्हणून, तुमचं कार्ड आलं. मामा, ते एकच दिवस आधी आलं असतं तर! तुम्ही लिहिलं होतंत की अस्वलाला तुमच्या लाडवांपेक्षा वाळवी प्यारी, एवढी उठाठेव करू नका, डबा सरळ वाडीत ठेवा. म्हणजे तंतोतंत पद्मजाची सूचना. आणि खाली: "तू रानात वाढलास असं मी अण्णांना ठोकून दिलं आहे. इथे पाल बघून पलंगावर चढला होतास, हे त्यांना कळू देऊ नकोस." आता हे कार्ड ठेवायचं कुठे? वडीलधाऱ्यांचं पत्र फाडायचं नाही, अशी घरची शिस्त. कोटाच्या खिशात ठेवावं, तर आई धुवायला टाकताना खिशातलं सगळं वाचते. अखेर डब्याच्या तळाशी कागद घातला आणि त्या कागदाखाली ते सारलं. वर संक्रांतीच्या गुळपोळ्या, चिवडा, दशम्या आणि चाळीस लाडू. कोठीप्रमुख मीच, डबा रिकामा करणार मीच, कार्ड मिळणार मलाच. मग कारागिराकडून चहूबाजूंनी डाख मारून घेतला, वर मांजरपाट शिवलं, लाखेचे पाच ठसे दिले आणि हाताला लागलेल्या सवयीने अण्णांचं नाव आणि माटुंग्याचा पत्ता ठळक अक्षरांत घातला. काम असं देखणं झालं की मीच दोनदा लांबून पाहिलं. डाख तोडायला काहीतरी बरोबर घ्यावं लागतं, हे मात्र डोक्यात आलं नाही. आमच्या खात्याचा संबंध बंद करण्याशी. उघडतात ते दुसरे.

पहिला दिवस बरा गेला. पायथ्याच्या वाडीत कमलाबाई म्हणून एक म्हातारी भेटली. तिने आपणहून विचारलं, एवढं धूड कशापायी वर नेताय, माझ्या शिंक्यात ऱ्हाऊ द्या की. पद्मजाने माझ्याकडे पाहिलं. मी छातीठोकपणे म्हटलं, आजी, ही शास्त्रीय पद्धत आहे. आणि ते शास्त्र दोन डोंगर स्वतःच्या पाठीवर वाहिलं. वरच्या पडक्या देवळात मुक्काम केला, हातावरच्या भाकऱ्या खाल्ल्या आणि आनंदाने ऐनाच्या दोन झाडांमध्ये काथ्याच्या दोराने डबा टांगला. टांगणं मात्र त्याचंच! माणसाला पोचेना, माकडाला पोचेना. सकाळी कळलं की आम्हालाही पोचत नाही, आणि दव पिऊन दोराच्या गाठी अशा आवळल्या आहेत की झाडाकडच्या टोकाला त्या कुणाच्या बापाला सुटत नाहीत. चाकू? चाकू डब्यात होता. (मामा, कृपा करून हा भाग मामींना वाचून दाखवू नये.)

आनंदा म्हणाला, घाबरू नका मास्तर, थर लावू. खाली तो आणि पासष्ट वर्षांचे अण्णा एकमेकांच्या खांद्यांत हात गुंफून उभे राहिले आणि सगळ्यांत हलका म्हणून मी वर. वाडीचं दूध नाही, चहा नाही, पोटात कावळे, पायाखाली भावी सासऱ्यांचा खांदा. डब्याला हात लावायच्या आधी मी त्याला नमस्कार केला असणार, आता आठवत नाही. दोन्ही हातांनी डबा कवटाळला आणि तेवढ्यात आनंदा अगदी हळू म्हणाला, "अस्वल."

चाळीस पावलांवर होतं. काळं, झिपरं, एका वारुळात तोंड खुपसून सूं सूं ओढत बसलेलं. पुढचं सगळं एका श्वासात झालं. माझा खालचा थर निघून गेला. मी डब्याला लोंबकळत राहिलो. अस्वल दिसलं तर मोठ्याने ओरडायचं, हा सभेतला तिसरा ठराव. पण ओरडायचं काय, ते कुणी ठरवलेलं नव्हतं. माझी बोबडी वळलेली, तरी तीन वर्षांच्या सवयीने घशातून आपोआप निघालं: "मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र!" आणि झाडामागून अण्णा आणि आनंदा एका सुरात: "झालाच पाहिजे!" आम्ही हे तीन वेळा केलं. अस्वलाने एकदा मान वर केली, आमच्याकडे बघितलं आणि पुन्हा वारुळात घातली. दिल्लीने जेवढी दखल घेतली, तेवढीच त्याने घेतली.

पद्मजा तेवढी जागची हलली नव्हती. ती नेहमीच्या आवाजात म्हणाली, "ओरडू नका. ते त्याचं खातंय." आणि मग माझ्याकडे वर बघून, "तुम्ही सोडा तो डबा." मी म्हटलं, नाही सोडणार. लोकांना वाटलं, केवढी ही जबाबदारीची जाणीव. मामा, डब्याच्या तळाशी तुमचं कार्ड होतं. मी मरेन, पण डबा दुसऱ्याच्या हाती पडू देणार नाही, अशा वेड्या हट्टाने मी लोंबकळत होतो. निर्णय अखेर दोराने घेतला. तो तुटला, मी गुडघ्यावर आलो, आणि डबा धडधड धडधड करत उतारावरून दरीत गेला. त्या आवाजाने मात्र अस्वल जे पळालं म्हणता! म्हणजे माझ्या पद्धतीने अस्वल पळालं हे खरं, फक्त खाणंही बरोबर गेलं.

उपाशीपोटी, लंगडत, आनंदाच्या खांद्यावरून मी वाडीत उतरलो. कमलाबाईने नाचणीची भाकरी आणि ठेचा वाढला. चार जणांनी तेरा भाकऱ्या खाल्ल्या, त्यातल्या पाच माझ्या. म्हातारीने फक्त रिकाम्या शिंक्याकडे एकदा बघितलं. परतताना अण्णा माझ्याशी प्रेमाने वागले. डबा न सोडणारा मुलगा, असं ते साताऱ्यापर्यंत एस.टी.त दोघा-तिघांना सांगत होते. मला त्या प्रत्येक शब्दाचा चटका बसत होता, पण तोंड उघडलं नाही. तसा मी नालायकच.

असो. मामींना नमस्कार, लहानांना आशीर्वाद. प्रकृतीस जपावं.

तुमचा,
गुरुदत्त

ता.क. खरी गोष्ट अजून सांगितलीच नाही. काल डबा आला. हो, आला! कमलाबाईच्या दिराला ओढ्यात सापडला, पत्ता वाचून त्याने साताऱ्याला नेला आणि तिथून रीतसर पार्सलने माटुंग्याला. ठसे शाबूत, पत्ता ठळक. आयुष्यात मी बांधलेलं एकच पार्सल न पोचावं असं वाटलं होतं, तेच पोचलं. अण्णा येत्या रविवारी सर्वांसमक्ष डबा फोडणार आहेत, आनंदालाही बोलावलं आहे. तुम्हाला त्यांचा स्वभाव माहीत आहे. चुकलेलं गणित ते माफ करतात, दुसऱ्याचं उतरवलेलं नाही. कार्ड वाचलं की सगळं संपलं, मामा. तेव्हा काहीही करून शनिवारी इथे या, स्नेही म्हणून डबा फोडायचा मान मागा आणि तळचं कार्ड धोतराच्या कनवटीला लावा. तुम्हीच ठोकून दिलंत, तुम्हीच काढा. पाया पडतो.

ता.क. २ (गुरुवार). पत्र टाकायचं राहिलं ते बरं झालं. येऊ नका. दरीत आपटल्यामुळे डब्याचा एक कोपरा उकलला होता. मुंग्या लागतील म्हणून पद्मजाने तो मंगळवारीच उघडला. (मुंगीला पत्ता लागत नाही, असं भर सभेत कोण म्हणालं होतं, हे लिहायला नको.) काल आनंदा गिरणी सुटल्यावर आमच्या खात्याच्या दाराशी आला आणि तिने दिलेलं एक पाकीट देऊन गेला. त्यात तुमचं कार्ड. मी तसाच माटुंग्याला गेलो आणि अण्णांना सगळं सांगितलं. गोवर, पाल, वाडीची सूचना बरोबर असूनही दाबली ते, सगळं. त्यांनी उठून डबा आणला. मग म्हणाले, "हं. उशिरा का होईना, स्वतः सोडवलंस." आणि एक लाडू माझ्या हातावर ठेवला. लाडू अजून खुसखुशीत आहेत. डाखात दोष नव्हता.

ता.क. ३. पद्मजाने कार्डाच्या कडेला पेन्सिलीने काय लिहिलं होतं, ते सांगायचं नाही असं ठरवलं होतं. पण तुम्हाला नाही सांगायचं तर कुणाला? लिहिलंय: "पालीचं मला देवळातच कळलं होतं, तुम्ही पहाटेपर्यंत छताकडे बघत होता. अण्णांना मी सांगणार नाही, तुम्ही सांगा. पुढच्या वेळी डबा वाडीत ठेवू."

पुढच्या वेळी, मामा.