इबादानहून आलेला फोन

ग्वेल्फ, कॅनडा,
१८ जानेवारी २०१२

ती. बाबांना,

साष्टांग नमस्कार. थंडीत तुमचे गुडघे धरले असतील, शेकत जा. इथे रोज ड्राइव्ह-वेवरचा बर्फ शोव्हल करावा लागतोय. सलोनी शाळेत जाते, जेवते. फोनवर तुम्हाला नीट ऐकू येत नाही आणि हे ओरडून सांगण्यासारखं नाही, म्हणून राजनभावजींना ईमेल करतेय. ते प्रिंट काढून देतील.

उल्हास अजून इबादानलाच आहे. नायजेरियात एक तारखेपासून पेट्रोल दुपटीने महागलं, लोक रस्त्यावर उतरले, बाजार, बँका, सगळं बंद. परवा संप मिटला.

गाव त्याला फार आवडलं होतं. आपला साबुदाणा ज्या कंदाचा होतो, तोच तिथे किसून, पिळून, भाजून रवा करतात. त्याला गारी म्हणतात. ते भाजायचं यंत्र बसवायलाच तो गेला. लिहायचा, टेकडीवरून गंजक्या पत्र्यांची तांबडी घरंच घरं दिसतात, आणि मधोमध कोकोच्या पैशातून उभी राहिलेली उंच इमारत. "बाबांना दाखवायला हवं," म्हणायचा.

आता सांगते. संप सुरू असताना त्याचा फोन आला. बोलत होता, पण माझ्याशी नाही. आईंशी. "आई, दार लाव ना, गारठा येतोय." आई जाऊन इतकी वर्षं झाली, बाबा. आणि इबादानला गारठा कुठला? मग फोन बंद पडला.

मी तशीच शेजारच्या फोलाकेकडे धावले. ती इबादानची, तिची आई तिथल्या बोडिजा बाजारात गारी विकते. फोलाकेने लगेच आईला फोन लावला. सलोनी माझ्यामागे उभी होती. "इज बाबा गोइंग टु डाय?" फोलाकेने तिला जवळ घेतलं. म्हणाली, "माझं गाव लढायांतून पळून आलेल्यांनी वसवलं. टेकडीत लपून रानफळं आणि गोगलगायी खाऊन जगले, असं सांगतात. आम्ही माणूस टाकत नाही."

तिची आई जळत्या टायरांच्या कडेकडेने चालत तो उतरला होता त्या गेस्टहाउसवर पोचली. उल्हास बाथरूमच्या फरशीवर पडला होता. मलेरिया, मेंदूपर्यंत गेलेला. गाड्या नव्हत्याच. गारीची पोती वाहायच्या हातगाडीवर घालून तिने त्याला दवाखान्यात नेलं.

ताप उतरलाय. जीव वाचला. हे अगदी खरं आहे, बाबा.

पण आज सकाळी फोलाकेच्या आईने फोन त्याच्या कानाला लावला. मी म्हटलं, "उल्हास, मी गौरांगी." तो परक्याशी बोलावं तसं म्हणाला, "सॉरी, हू इज कॉलिंग?"

सलोनीला सांगितलं, लाइन खराब होती.

डॉक्टर म्हणतात, अशांना हळूहळू आठवतं. सगळं आठवेलच, असं मात्र म्हणाले नाहीत. काल ओटावाहून व्हिसा आणला. उद्या निघते. सलोनी फोलाकेकडे राहील. मला फार भीती वाटतेय. तो जाईल असं वाटत होतं तेव्हा निदान देवाकडे काय मागायचं ते कळत होतं.

एक कराल? लहानपणी त्याला ज्या नावाने हाक मारायचात, ती हाक भावजींच्या फोनवर रेकॉर्ड करून पाठवा. माझी हाक त्याला ओळखू आली नाही. तुमची त्याच्या कानाशी लावून बघते.

घाबरलेली, तरी निघालेली,
तुमची सून
गौरांगी